फरशी कोण पुसतं?

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात एक दुकानदार होते. मूळचे सुतार. जुन्या वाड्यांच्या तक्तपोश्या दुरुस्त करण्यात तारुण्य गेलं, मग वाडे पाडायचे दिवस आले, तेव्हा रंधा बाजूला ठेवून त्यांनी लाकडी फ्लोअरिंगचं दुकान टाकलं. पण हाताला लागलेली सवय जाते कुठे! लोक त्यांना मिस्त्रीच म्हणत, आणि कुणी 'शेठ' म्हटलं की ते मागे वळून बघत, दुसरं कुणी उभं आहे की काय म्हणून.

गल्ल्याच्या वर पाटी होती : 'आधी एक फळी घरी न्या. आठ दिवसांनी परत आणा. मग बोलू.' आणि खाली बारीक अक्षरात : 'घाई असलेल्यांनी शेजारच्या दुकानात जावे.' पुण्यात असल्या पाटीचं कुणाला नवल वाटत नाही. शेजारचा दुकानदार मात्र या पाटीवर बेहद्द खूश होता.

दिवाळीला महिना राहिला असेल. एक नवरा-बायको दुकानात आले. बाणेरच्या बाजूला चौथ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. नवऱ्याच्या मित्राने नवं घर घेतलं होतं आणि त्या घरात जमिनीला गडद, जवळजवळ काळं लाकूड घातलं होतं. ते पाहून आल्यापासून या दोघांना आपली क्रीम रंगाची व्हिट्रिफाइड फरशी बघवत नव्हती. बायकोने मोबाइल पुढे केला. फोटोत जमिनीत झुंबराचा एकेक दिवा दिसत होता.

"काका, असंच हवं. डार्क. अगदी असंच."

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

"कधी काढलाय?"

"वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे तोवर त्या घरात कुणी राहत नव्हतं," मिस्त्री म्हणाले आणि मोबाइल परत दिला. "तुमच्या घरात कोण कोण असतं?"

"आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई."

"आणि फरशी कोण पुसतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मावशी येतात ना कामाला," बायको म्हणाली. "का हो?"

"त्यांना विचारलंत?"

नवऱ्याला हसू आलं. "मावशींना काय विचारायचं त्यात? फ्लोअरिंग आम्हाला करायचंय."

मिस्त्रींनी वाद घातला नाही. गिऱ्हाइकाशी वाद घालणारे दुकानदार पुण्यात पुष्कळ आहेत, पण हे त्यातले नव्हते. त्यांचा सगळा रागलोभ त्या पाटीत उतरून गेला होता. ते उठले आणि घोडीवरून एक फळी काढून तिचा कापलेला तोंडाचा भाग त्यांनी नवऱ्यापुढे धरला.

"हे बघा. हे इंजिनिअर्ड वुड."

"म्हणजे खोटं लाकूडच की."

"खोटं कसं? वरचा हा थर अस्सल ओकचा आहे, चार मिलिमीटर. त्याखाली प्लाय. एक थर उभा, एक आडवा. लाकडाचा स्वभाव असा की हवेतलं पाणी पिऊन ते रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून उभ्याला आडवा चिकटवला की दोघं एकमेकांना आवरून धरतात. नुसत्या अखंड लाकडाची रुंद फळी टाकलीत तर आपल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसून फटी सोडेल आणि ऑगस्टमध्ये शेजारच्या फळीला ढकलत बसेल. ही तसं करत नाही. अगदीच नाही असं नाही, पण कमी करते. 1941 साली स्वीडनमध्ये या युक्तीचं पेटंट निघालंय, साहेब. खोटं म्हणायचं तर लॅमिनेटला म्हणा. त्यात वर लाकडाचा फोटो छापलेला कागद असतो."

वरच्या थराचा विषय निघाला की मिस्त्रींना आवर घालणं कठीण. कुणी अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा चिकटवतो आणि त्यालाही इंजिनिअर्डच म्हणतो. नाव तेच, चेहरा तोच, पण दहा वर्षांनी वरून घासून पुन्हा पॉलिश करायची वेळ आली की पहिल्याच घासणीत प्लाय दात विचकतो. चार मिलिमीटरची फळी दोन-तीन घासण्या सहज सोसते. तेव्हा रंग विचारायच्या आधी जाडी विचारावी, आणि एकूण जाडी नव्हे, वरच्या थराची. हे सगळं त्यांनी सांगितलं. बायको मान हलवत होती, पण नजर भिंतीला टेकलेल्या काळ्या फळ्यांवर होती.

ते मिस्त्रींच्या ध्यानात आलं. त्यांनी तीन फळ्या काढून काउंटरवर आडव्या टाकल्या. तिन्ही गडद. खिशातून खिळा काढला.

पहिली चकचकीत होती, मोबाइलमधल्यासारखी. मिस्त्रींनी तिच्यावर खिळ्याने रेघ ओढली. काळ्यावर पांढरी रेघ उमटली, पाटीवर पेन्सिलीने ओढावी तशी. "ओक मुळात फिका. वरून रंग पाजलाय. रंग खरवडला गेला की खालचा ओक बाहेर येतो."

दुसरी फळी मंद होती, झळाळी नसलेली, आणि हात फिरवला तर लाकडाच्या शिरा बोटांना लागत होत्या. त्याच खिळ्याने तशीच रेघ. ओरखडा पडला, पण तोही तपकिरीच. "हासुद्धा ओकच. याला रंग दिलेला नाही. बंद खोलीत अमोनियाच्या वाफेत ठेवतात. ओकमध्ये टॅनिन असतं, चहात असतं ना तुरट, तेच. वाफ आणि टॅनिन यांची गाठ पडली की लाकूड आपण होऊन काळवंडतं, आत खोलपर्यंत. वरून तारेच्या ब्रशने मऊ भाग काढलेला आहे, म्हणून शिरा वर आल्यात."

तिसरी अमेरिकन अक्रोडाची, जन्माचीच गडद. पण तिचा अर्धा भाग चॉकलेटी होता आणि अर्धा फिकट, मधाळ. मिस्त्रींनी अर्ध्या फळीवर कागद चिकटवून ती उन्हाळाभर दुकानाच्या खिडकीत ठेवली होती. "अक्रोड उन्हाने उतरतो. साग उलट, नवा असतो तेव्हा हिरवट-पिवळा आणि मग उजेडात पिकत तांबूस होतो. तुमच्या हॉलला पश्चिमेची गॅलरी आहे म्हणता. चार वर्षांनी गालिचा उचललात तर खाली गालिच्याएवढा काळा चौकोन सापडेल."

एवढं ऐकूनही बायकोने बोट ठेवलं ते पहिल्या फळीवर. मला यात तिचा दोष वाटत नाही. फोटोत तीच होती.

"न्या," मिस्त्री म्हणाले. त्यांनी खिळ्याची रेघ नसलेली, हातभर लांबीची फळी कापून दिली. "हॉलच्या मधोमध ठेवा. तिला जपू नका. मावशींना म्हणावं, बाकीची फरशी पुसता तशीच हीही पुसा, हिचे लाड नकोत."

पण जपू नका म्हटलं तरी नव्याचे नऊ दिवस असतातच. पहिल्या दिवशी नवरा फळीला वळसा घालून सोफ्याकडे जात होता. मुलाला तिच्याजवळ खेळायची बंदी झाली. रात्री दिवे लावून दोघांनी फळी इकडून पाहिली, तिकडून पाहिली, आणि दोघांचं एकमत झालं की घर एकदम वेगळं दिसतंय. हातभर फळीने घर कितीसं वेगळं दिसणार, पण हौसेला मोल नसतं.

तिसऱ्या दिवसापासून फळीकडे लक्ष राहिलं नाही, आणि तिथून ती खरी कामाला लागली.

शेजारच्या प्लॉटवर इमारत उभी राहत होती. सकाळी पुसलेल्या फळीवर दुपारपर्यंत पांढरी साय धरायची. ही धूळ क्रीम फरशीवरही पडतच होती, वर्षानुवर्षं. फक्त तिथे ती कुणाला दिसली नव्हती. आंघोळ करून कुणी फळीवर पाय ठेवला की टाच आणि पाच बोटं स्वच्छ उमटायची. मुलाला यात मोठी मौज वाटू लागली. कोण कुठून कुठे गेलं याचा तो तपास लावी आणि "बाबा रात्री फ्रिजकडे गेले होते" असं चहाच्या वेळी जाहीर करी. मग एकदा त्याच्या कंपासपेटीतला करकटक फळीवर पडला. बारीकशी पांढरी रेघ. आईने बोट ओलं करून पुसून पाहिली, जाईना.

आजींनी काही न बोलता तिच्यावर रांगोळी काढून पाहिली. चार ठिपक्यांचं एवढंसं कमळ, पण काळ्यावर असं उठून दिसलं की मुलगा धावत बघायला आला. दुसऱ्या दिवशी रांगोळी झाडली आणि पाहिलं, तर झिलईवर बारीक बारीक चरे. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची भुकटीच. आजी म्हणाल्या, "पाटावर काढीन." आणि विषय संपला.

मग एक दिवस फळी हॉलमधून नाहीशी झाली.

सापडली ती आजींच्या खोलीत, पलंगाच्या कडेला, त्या सकाळी उठून पाय टेकवतात नेमक्या त्या जागी.

"आई, ही इथे कशी?"

"मी आणली ओढत. काल टीव्ही बघताना रक्तदाबाची गोळी हातातून सुटली. एवढीएवढीशी पांढरी गोळी. नेहमी सुटते तेव्हा तुम्ही सगळे गुडघ्यांवर होता, नातू बॅटरी घेऊन पलंगाखाली जातो, आणि शेवटी आपण नवी गोळी घेतो. काल ती या फळीवर पडली. मी बसल्या जागेवरून पाहिली आणि उचलली." आजी जरा थांबल्या. "आणि पहाटे पाय टेकले तर गार लागत नाही. फरशीवर टेकले की गुडघ्यापर्यंत कळ जाते."

बायको फळी उचलायला वाकली, तेवढ्यात मावशी बादली घेऊन खोलीत आल्या. त्यांनी फळीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ताई, फुगलीय बघा ही इथं. परवा मी पोछा हिच्यावरच टाकून गेले होते, रात्रभर राहिला. मला काय माहीत! तुम्हीच म्हणालात लाड करू नका."

कड खरंच वर आली होती.

"तुम्ही सगळीकडे हेच घालणार का?" मावशींनी विचारलं.

"विचार आहे."

मावशी पोछा पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या एका बंगल्यात आहे असलं काळं. चकचकीत. दिवसातून दोनदा पुसावं लागतं. ओल्यानं पुसलं की परत कोरड्यानं, नाहीतर उजेडात फराटे दिसतात. तिथल्या बाई रोज म्हणतात, मावशी, नीट पुसलं नाही. मी नीटच पुसते हो."

"मग काय, लाइट बरं का?"

"लाइट तर तुमच्याकडं आहेच की. त्याच्यावर तुम्ही म्हणता, मावशी, केस राहिले. घरात तुमचे केस एवढे लांब, आजींचे गळतात. पांढऱ्यावर काळं दिसतं, काळ्यावर पांढरं. तुमच्याकडं धूळ पांढरी नि केस काळे. म्हणजे काहीही घातलं तरी सापडणार मीच."

बायकोला हसू आलं, आणि मग ते तोंडावरून उतरलं. केस राहिले, हे वाक्य ती त्या सकाळीच बोलली होती.

आठ दिवसांनी दोघं फळी घेऊन दुकानात गेले. मिस्त्रींनी ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि काही विचारण्याआधीच सांगायला सुरुवात केली : घरात शाळकरी मुलगा आहे. रांगोळी काढली होती. कापलेल्या कडेतून पाणी शिरलंय, म्हणजे पोछा नीट पिळला जात नाही. मग त्यांनी फळी उलटी करून पाहिली. "खालून घासलीय. कुणीतरी फरशीवरून ओढत नेलीय."

"सासूबाईंनी," बायको म्हणाली, आणि गोळीची सगळी हकिकत सांगितली. मावशी काय म्हणाल्या तेही सांगितलं, केसांचंही सांगितलं.

मिस्त्रींनी चहा मागवला. ते म्हणाले, "ताई, मी सगळ्यांना हे एकच सांगतो. जी वस्तू आपण मिरवायची, ती आपल्या आवडीने घ्यावी. पण जी दुसऱ्याने निभवायची, ती त्याला विचारून घ्यावी. साडी तुम्ही एकट्या निवडा. जमीन अशी निवडता येत नाही. तिच्याकडे बघणारे दोन, आणि तिच्यावर राबणारे दुसरेच कुणी."

नवरा म्हणाला, "पटतंय. पण घर आमचं, पैसे आमचे..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही, कारण दुकानाबाहेर गाडी उभी करून, तिचे दिवे तसेच लुकलुकत ठेवून एक गृहस्थ घाईघाईने आत आले. त्यांनी आधीच्या वर्षी पाटी वाचून शेजारच्या दुकानाची वाट धरली होती. तीन खोल्यांचा अख्खा फ्लॅट, सगळीकडे गडद, सगळीकडे चकचकीत. पावसाळ्यात हॉलची जमीन मधोमध उचलली गेली ती अजून बसली नव्हती. पाय ठेवला की खाली जाते, काढला की वर येते.

"भिंतीच्या कडेने फट सोडली होती का?" मिस्त्रींनी विचारलं.

"फट? मी त्या लोकांना बजावून सांगितलं होतं, कुठेही फट दिसता कामा नये. भिंतीला घट्ट टेकवून घेतली. वर सिमेंट भरून घेतलं."

"चारी बाजूंनी दहा-बारा मिलिमीटर जागा सोडतात. वर स्कर्टिंगची पट्टी येते, दिसत नाही कुणाला. तुमच्या लाकडाला पावसाळ्यात हातपाय पसरायला जागा उरली नाही, म्हणून ते उठून बसलं. कारागिराने सांगितलं असेल की."

"सांगत होता काहीतरी," गृहस्थ म्हणाले. "मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस."

मिस्त्रींनी त्यांना उपाय सांगितला : पट्ट्या काढा, सिमेंट फोडा, कडेची फळी कापा आणि पंधरा दिवस वाट बघा, बहुतेक बसेल. गृहस्थ पंधरा दिवस ऐकून कळवळले आणि फोनवर बोलत बोलत बाहेर पडले. इकडे नवऱ्याने आपलं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचा प्रयत्न केला नाही.

"मग हॉलला काय घालू?" बायकोने विचारलं.

"मला काय विचारता? मी तुमच्याकडे फरशी पुसायला येत नाही."

त्या संध्याकाळी घरात चौघं बसली आणि सकाळी मावशी आल्यावर त्यांनाही बसवलं. मावशींना हे सगळं जरा अवघडच वाटत होतं. हातातला झाडू त्यांनी खाली ठेवला नाही. पण विचारल्यावर त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही.

"हॉलला हात लावू नका. आहे ती फरशी मजबूत आहे. गॅलरीतनं धूळ येते, पावसात पाणी येतं, पोरगं ताट सांडतं. मी बादलीभर पाण्यानं धुऊन काढते. लाकडावर तसं जमणार नाही. घालायचंच तर आजींच्या खोलीत घाला. ती खिडकी मागच्या बाजूला, तिकडं धूळ निम्मीपण नाही. आणि काळंच घाला. गोळी सापडते. पण ही चकचकीत नको."

"पण त्या खोलीत कोण बघणार?" नवरा बोलून गेला.

आजींनी चष्मा काढून पदराने पुसला. "का? मी अजून आंधळी झालेली नाही."

त्यावर कुणी काही बोललं नाही. मग सगळेच हसले, नवरासुद्धा, जरा उशिरा.

निर्णय झाला तो मिस्त्रींच्या दुसऱ्या फळीचा : वाफेवर काळवंडलेला ओक, शिरा वर आलेला, झळाळी नसलेला, वरून तेलाचा हात. त्याच्यावर पाऊल उमटत नाही. ओरखडा पडला तर तपकिरीच पडतो. आणि तेलाची जमीन म्हणजे एखाद्या जागी खराब झाली तर तेवढीच जागा हलकी घासून पुन्हा तेल लावता येतं. लॅकर असेल तर डागडुजी चटकन डोळ्यांत भरते. तेलाला मधूनमधून नवा हात द्यावा लागतो, हेही मिस्त्रींनी सांगितलं. ते कोण करणार, यावर नवऱ्याने आपण होऊन हात वर केला.

फळ्यांची खोकी खोलीत नुसती ठेवून दिली, दोन-तीन दिवस, न उघडता. घरातल्या हवेशी त्यांची ओळख व्हायला हवी, मिस्त्रींचा दंडक. जुनी फरशी उखडली नाही. ती सपाट आहे का हे लांब पट्टी ठेवून पाहिलं, वर फोमचा पातळ थर अंथरला आणि त्यावर फळ्या एकमेकींत अडकवत नेल्या. चारी कडांना फट. यामुळे खोलीची जमीन सतरा-अठरा मिलिमीटरने वर आली. दार अडायला लागलं, ते उतरवून खालून रंधून घेतलं. आणि दाराशी जी पायरी तयार झाली, तिच्यापाशी मिस्त्री स्वतः गुडघ्यांवर बसले. आजी रात्री बाथरूमला जातात तो रस्ता तोच. पोटऱ्यांना कळ असलेलं माणूस पाय उचलून टाकत नाही, घासत नेतं. तिथे दीड-पावणेदोन सेंटीमीटरची उभी कडसुद्धा पुरे होते. त्यांनी उतरती लाकडी पट्टी बसवली, आजींना तिच्यावरून चार वेळा ये-जा करायला लावली, आणि चौथ्या वेळी पट्टी काढून आणखी थोडी रंधून पुन्हा बसवली. रंगाच्या बाबतीत एवढा वेळ कुणी घातला नव्हता.

जाताना मिस्त्रींनी मावशींना समजावायला सुरुवात केली की इथे पाणी ओतायचं नाही, फिनेल नाही, आधी कोरडा झाडू, मग घट्ट पिळलेला कपडा.

मावशींनी ऐकून घेतलं. "पोछा पिळायला मला शिकवू नका, दादा. पण त्यांना सांगा, मला दांड्याचा मॉप आणून द्यायला. वाकून वाकून माझे पण गुडघे गेलेत. आजींच्या गुडघ्यांचं झालं, आता माझ्या बघा."

मॉप त्याच दिवशी आला. एक नाही, दोन, दुसरा हॉलसाठी. उरलेल्या सहा फळ्या मिस्त्रींच्या सांगण्यावरून पलंगाखाली गेल्या, कारण पुढे एखादी बदलायची वेळ आली तर त्याच घाण्यातला रंग पुन्हा मिळेलच असं नाही.

भाऊबीजेला तो मित्र आणि त्याची बायको फराळाला आली. हॉलमध्ये आल्या आल्या दोघांच्या नजरा खाली गेल्या. तीच क्रीम फरशी.

"अरे, वुडन फ्लोअरिंग केलंत म्हणाला होतास ना?"

"केलंय की. आईच्या खोलीत."

"तिथे? आणि हॉल असाच?" मित्राची बायको क्षणभर गप्प राहिली. मग चकली मोडत हळूच म्हणाली, "आमच्याकडच्या दोन मावशी सोडून गेल्या गं या दिवाळीत. पुसायलाच कुणी टिकत नाही. बघू तरी तुमचं कसं आहे ते."

दोघी उठून आतल्या दाराशी गेल्या. आजी पलंगावर पाय खाली सोडून नातवाबरोबर पत्ते खेळत होत्या. त्यांनी पाहुणीच्या पायांकडे बघितलं, मग हातातल्या तेलकट चकलीकडे.

"ती बशी बाहेर ठेव," त्या म्हणाल्या, "आणि पाय पुसून ये."